उलटे आटे

"कुण्या गाढवानं आवळलाय रं ह्यो? हात हुतं का जॅक?"

मिस्त्री गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी उकिडवे बसून पुटपुटत होते. मी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी होते म्हणून मला ऐकू आलं. नाहीतर त्यांचं पुटपुटणं हल्ली मिशांच्या पलीकडे जात नाही. गाढव कोण ते मला माहीत होतं. दिवाळीत हेच चाक काढून परत बसवलं ते यांनीच. शेवटचा हिसका द्यायला पान्यावर लोखंडी पाईप चढवला, तेव्हा पाईपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. म्हणजे गाढवं दोन. पण रविवारी सकाळी नवऱ्याला असल्या गोष्टी सांगायच्या नसतात. मी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

माझे यजमान निंगप्पा, मूळचे मैंदर्गीचे. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटर होते. रिटायर होऊन पाच वर्षं झाली तरी कुमठा नाक्यापर्यंत सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणतात, आणि मीही मनातल्या मनात तेच म्हणते. तोंडाने अर्थात 'अहो'. निरोप समारंभात त्यांना शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. साहेबांनी भाषणात त्यांचं नाव दोनदा घेतलं, दोन्ही वेळा चुकीचं. त्यांच्या हाताखालून गेलेल्या एकाही बसचं चाक चौतीस वर्षांत रस्त्यात निघालं नाही. पण न निघालेल्या चाकांची नोंद कोण ठेवतो?

आमची ही मारुती, लेक ऋतुजा नर्सिंगला लागली त्या वर्षी घेतलेली, तीही दुसऱ्याच्या हातची. एकेकाळी पांढरी होती, आता ताकाच्या रंगाची आहे. आमच्याकडे आल्यापासून तिला मिस्त्रींखेरीज कुणाचा हात लागलेला नाही. ते पाना धरणार, मी उजेड धरणार, उन्हाळ्यात छत्री धरणार, असा आमचा संसार. बायका लोकरीचे टाके मोजायला शिकतात, मी पान्यांचे नंबर शिकले. 'चौदा-पंधरा दे' म्हटलं की न बघता चौदा-पंधराच द्यायचा. लग्नाच्या पहिल्या वर्षी मी बारा-तेरा दिला, तर म्हणाले, "वैजी, तुज्या माहेरी वैरागात शाळेत आकडं शिकवत न्हाईत का?" त्यानंतर चुकले नाही.

उद्या सोमवारी काशम्माला आणायला मैंदर्गीला जायचं होतं. काशम्मा म्हणजे यांची थोरली बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सोलापुरात ऑपरेशनची तारीख मिळाली होती. आणि तिचं एकच म्हणणं: "निंगा गाडी घेऊन आला तर येते. दुसऱ्या कुणाच्या गाडीत मी बसत न्हाय." निंगा म्हणजे आमचे मिस्त्री. जन्मात एवढा एकच हट्ट तिने केलेला, तोही आंधळी व्हायच्या बेताला आल्यावर. यांनी तिला शब्द दिला होता. आणि दोन दिवस म्हणत होते, ब्रेक मारला की गाडी डावीकडं ओढती. चाक काढून बघतो, मगच काशम्माला बसवतो.

"आई, ड्रायव्हर करून जा ना," ऋतुजा पुण्याहून फोनवर म्हणाली होती.

"तू सांग बाबांना."

"तूच सांग ना. तू असतेस तिथं."

हे 'तूच सांग' आमच्या घरात सहा महिने गरम भगुल्यासारखं या हातातून त्या हातात फिरत होतं. खाली ठेवायला कुणालाच जागा सापडत नव्हती.

सहा महिन्यांपूर्वी मिस्त्री पहाटे साडेपाचला खाकी शर्ट घालून, डबा घेऊन बाहेर पडले. डबा रिकामा होता, कारण मी झोपलेली होते. डेपोच्या वॉचमनने ओळखलं, भल्या माणसाने चहा पाजला आणि रिक्षात बसवून दिलं. घरी आल्यावर म्हणाले, "जुन्या लोकास्नी भेटून आलो." मी म्हटलं, "बरं केलंत." तो शर्ट मी ट्रंकेत तळाला घातला. पुन्हा एकदा मागितला तेव्हा सांगितलं, उसवलाय. मग एकदा गॅसवर नुसतं पाणी उकळत बसले होते, चहाची पूड हातात धरून. एकदा सात रस्त्याला उभे राहून मला फोन केला, "कुटल्या रस्त्यानं यायचं गं?" सात रस्ते आहेत म्हटल्यावर कुणीही चुकेल, असं मी ऋतुजाला सांगितलं. तिने लगेच मानलं. मानायचंच होतं तिला.

तर तो रविवार. चाक जमिनीवर टेकलेलं असतानाच चारी नट अर्धा-अर्धा आटा ढिले करायचे, मग जॅक लावायचा, ही पद्धत. तीन नट पान्याला ऐकून सुटले. चौथा हलेना. मिस्त्रींनी हातोडीने त्याच्या डोक्यावर चार हलके ठोके दिले, गंज जागचा हलावा म्हणून. रेशनचं रॉकेल बंद झाल्यापासून आम्ही बाटलीत थोडं डिझेल ठेवतो, ते नटाच्या कडेने सोडलं.

"तडी," ते नटाला म्हणाले. तडी म्हणजे थांब. यांची कानडी लोखंडाशी बोलतानाच बाहेर येते. "भिजू दे जरा. गंज आणि बायकू, घाई केली की अडतंय."

"आणि नवरा?"

"नवरा मुळात अडलेलाच असतोय."

मी हसले. असा नेहमीचा माणूस समोर असला की वाटायचं, छे, काही झालेलं नाही. आपल्यालाच नको ते दिसतं.

एवढ्यात फोन वाजला. काशम्माचा होता. "बर्तीयेनो निंगा?" येतोस ना रे, हे तिचं ओरडणं मलाही ऐकू आलं. दिसत नसलं की माणसं मोठ्याने बोलतात. मिस्त्री उठून अंगणाच्या कडेला गेले आणि दहा मिनिटं कानडीत बोलत राहिले. मला कानडी समजते, पण पळती समजत नाही. आईचं नाव आलं, म्हशीचं आलं, कसल्याशा विहिरीचं आलं. दोघं खूप हसले.

परत आले ते चटचट पावलं टाकत. पाना उचलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "चला, हात उचला. नवाची अक्कलकोट फेरी लागायची हाय."

छत्रीची दांडी मी घट्ट धरली.

मग त्यांनी पाना नटावर बसवला आणि फिरवायला घेतला. उलटा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. नट उजवीकडे फिरवला की आवळतो, डावीकडे फिरवला की सुटतो. बरणीचं झाकण असो की नळ, जगातले बहुतेक आटे असेच. पण मिस्त्रींच्या काळातल्या बसच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. चाक पुढे पळताना नट आपोआप ढिला होऊ नये म्हणून तशी सोय. तिथे उजवीकडे फिरवलं तर सुटायचं. चौतीस वर्षं बसच्या डाव्या चाकाशी बसलेल्या माणसाचा हात उजवीकडेच जाणार. पण ही बस नव्हती. आमच्या मारुतीचे चारी चाकांचे आटे सुलटे, आणि तासाभरापूर्वी याच चाकाचे तीन नट त्यांनी डावीकडे फिरवूनच सोडले होते.

आधी मी स्वतःची समजूत घातली. त्यांचीच एक युक्ती आहे: अडलेला नट सोडवायचा असेल तर आधी केसभर आवळायचा, म्हणजे गंजाची पकड तुटते. तसं करत असतील. केसभर आवळून झालं. मग बोटभर झालं. ते दात खाऊन उजवीकडेच ओढत होते.

'अहो, उलटं फिरवताय.' तीनच शब्द. माझ्या जिभेवर आले, आणि मी म्हटलं, "च्या ठेवू का?"

"फेरी गेल्यावर."

पाना सटकला. त्यांची बोटं चाकाच्या कडेवर आपटली, दोन पेरांची सालं निघाली. नटाच्या कडा मेल्या. षटकोनी होता तो जवळजवळ गोल झाला. मी हळद आणायला वळले तर म्हणाले, "एक नंबर बारकी गोटी दे. ठोकून बसवतो." गोटी म्हणजे पान्याचं टोपण. मी न बघता बरोबर नंबर दिला. पस्तीस वर्षांची सवय. त्यांनी ती गोल झालेल्या नटावर हातोडीने ठोकून घट्ट बसवली, दांडा लावला, दांड्यावर पाईप चढवला. त्यांच्या हातांची ती सगळी हालचाल इतकी नेमकी, इतकी देखणी होती की रडू यावं. फक्त दिशा तेवढी चुकली होती.

"तू बी धर," ते म्हणाले.

मी छत्री मिटून खाली ठेवली आणि पाईप धरला.

मला त्यांच्या रागाची भीती नव्हती. राग मी पस्तीस वर्षं भाकरीबरोबर खाल्लाय, पचतो. मी सांगितलं आणि ते रागावलेच नाहीत तर? नुसतं माझ्याकडे बघितलं, सात रस्त्यावर बघितलं असेल तसं, तर? म्हणून मी पाईप धरला आणि जीव खाऊन त्यांच्याबरोबर ओढला. चुकीच्या बाजूला.

टक्.

आवाज अगदी लहान होता, सुपारी फुटल्यासारखा. आम्ही दोघं मागे रेललो. नट बोल्टाच्या तुकड्यासकट गोटीत अडकून बाहेर आला होता. चाकात उरलेल्या बोल्टाचं तोंड नव्या रुपयासारखं चकाकत होतं.

मिस्त्री जमिनीवर अंथरलेल्या जुन्या चादरीवर बसून राहिले. तिथूनच म्हणाले, "मोडला."

"गंजला हुता," मी लगेच म्हणाले.

कुंपणाच्या भिंतीवरून शेजारची गौरम्मा डोकावली. तिला आमच्या घरात वाटी पडली तरी कळतं. "काय झालं, अक्का? बोल्ट तुटला? आता लोखंड कुटं ऱ्हायलंय लोखंडासारखं! परवा माजी उलथनी वाकली बघा, नवीकोरी."

ऋतुजाचा फोन आला. तिला सांगितलं, तर म्हणाली, "टायरवाले मशिननं आवळतात ना, त्यानं होतं तसं. बाबांना म्हणावं वाईट वाटून घेऊ नका."

टायरवाल्याकडे ही गाडी कधी गेलेलीच नाही, हे तिलाही माहीत होतं. पण नटाला दोष देणं किती सोपं! नट काही बोलत नाही. गंज, लोखंड, मशिन, ऊन, सगळ्यांवर ढकलून झालं. मिस्त्री ऐकत होते. अधूनमधून स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत होते. आता ते परत अंगणात आलेले दिसत होते, म्हणजे नजर इथली होती. मला म्हणाले, "उद्या काशम्मा वाट बघंल गं." त्यावरून कळलं.

मी आत जाऊन लाडलेसाबला फोन लावला.

लाडलेसाबचं नाक्यावर गॅरेज आहे. वय पन्नाशीचं. आयटीआय करून वर्षभर यांच्या हाताखाली शिकायला होता. त्या वेळी मिस्त्रींची एक परीक्षा असायची. पोत्यात उलट्या आणि सुलट्या आट्यांचे नट-बोल्ट मिसळून टाकायचे आणि डोळे मिटून, नुसत्या नखाने आटा चाचपून, निवडायला लावायचे. डाव्या चाकाला उजवा नट चढवलास तर चाळीस माणसं तुझ्या नखावर बसल्यात समज, म्हणायचे. लाडलेसाब तीनदा नापास झाला. चौथ्यांदा पास झाला तेव्हा यांनी त्याला घरी जेवायला आणलं होतं. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि आमटी. त्याने सात भाकऱ्या खाल्ल्या, मी अजून विसरलेले नाही.

तो बाराच्या सुमाराला मोटरसायकलवरून आला, नवा बोल्ट आणि नट कागदात गुंडाळून.

"उस्ताद, सलाम! कायकू मेहनत करते इतने धूप में? मेरेकू बोलना ना."

"तुला रविवारी तरी झोपू द्यावं म्हटलं," मिस्त्री म्हणाले.

लाडलेसाबने गाडी जॅकवर घेतली, तीन नट काढले, चाक उतरवलं. मोडका बोल्ट मागून ठोकून काढला. मग चाकाची रिंग उचलून ऊन पडेल अशी धरली आणि थांबला. चौथ्या भोकाभोवती नटाने रिंगमध्ये घास घेतला होता, लखलखीत गोल. सुटताना तुटलेला बोल्ट असा चावत नाही. आवळताना तुटलेलाच चावतो. हे मलासुद्धा दिसलं, मग त्याला न दिसून कसं चालेल?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी चादरीवरचे पाने मोजू लागले.

"उस्ताद," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, "ये बोल्टच गलत है! उलटे आटे का है. पहले के मालिक ने कां का बी लाके ठोक दिया. तुम बराबर फिराते थे. गंज से टूटा."

लाडलेसाबला खोटं बोलायची सवय नाही, हे त्या खोट्यावरूनच कळत होतं. दिवाळीत याच बोल्टावर आम्ही याच नटाला आवळलं होतं, उजवीकडेच. पण मला ते खोटं इतकं आवडलं की मी लगेच म्हणाले, "बघा! मी म्हणत न्हवते का? बोल्टातच खोट हुती!"

"खोट हुती व्हय," गौरम्मा भिंतीवरून म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं, पण तीही आमच्या बाजूने होती.

मिस्त्री पुढे सरकले. त्यांनी हात पुढे केला. लाडलेसाबला वाटलं पाणी हवंय, त्याने तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली आणि चादरीवर पडलेल्या गोटीकडे बोट दाखवलं.

"उस्ताद, रैने दो ना. फेकून दितो."

"दे."

त्याने दिली. मिस्त्रींनी गोटी दगडावर आपटून नट बाहेर पाडला. नटाच्या तोंडातून मोडक्या बोल्टाचं टोक थोडं बाहेर आलं होतं, तीन-चार आटे असतील. त्यांनी ते बनियनच्या कडेला पुसलं, डिझेलचा हात लेंग्याला पुसला, आणि डोळे मिटले.

सोललेल्या पेरांवर रक्त सुकलं होतं. अंगठ्याचं नख आट्यावर टेकवून त्यांनी नट हळूहळू फिरवला. एकदा. पुन्हा एकदा. चेहरा असा शांत झाला होता की वाटलं, आता पोतं पुढ्यात ओढून घेतील आणि निवडत बसतील. ज्या माणसाला चहात पूड घालायची आठवत नाही, त्याचं नख काहीही विसरलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या यंत्रमागाचा खडखडाट तेवढा चालू होता.

त्यांनी डोळे उघडले. "सुलटं हायत, लाडले."

"नै उस्ताद, अच्छे से देखो—"

"पोत्यातलं नट तुला कुणी निवडाय शिकवलं?"

लाडलेसाबची मान खाली गेली. पन्नाशीचा माणूस, दोन मुलींची लग्नं केलेला, पण चौथ्यांदा नापास झाल्यासारखा उभा राहिला.

मिस्त्री माझ्याकडे वळले. मी ज्याला भीत होते ते बघणं हेच असावं. पण त्यात सात रस्ता नव्हता. ते मला ओळखून बघत होते.

"तू बी वढलास की पाईप."

"व्हय."

"तुला म्हाईत हुतं. कुटं फिरवायचं ते."

भिंतीवरची गौरम्मा हळूच खाली उतरली. मी म्हणाले, "व्हय. म्हाईत हुतं."

"मग बोलली न्हाईस."

"न्हाय बोलले."

त्यांनी मान हलवली, पाना बरोबर बसला की हलवायचे तशी. मग बनियनच्या आतल्या खिशातून गाडीची किल्ली काढली. तिला काशम्माने दिलेला लाल दोरा बांधलेला होता. ती थोडा वेळ हातात धरली आणि लाडलेसाबच्या तळहातावर ठेवली.

"उद्या सकाळी आठला ये. गाडी तू चालव. मी म्होरं तुज्या शेजारी बसतो, वैजी मागं."

"आता हूं उस्ताद. पर काशम्मा? वो तो बोलती, निंगा के बगैर..."

"काशम्माला मी सांगतो. तिला दिसत न्हाय म्हणून आपण काय सांगणार न्हाय, असं कसं चालंल?"

मग ते उठायला लागले, आणि मी हात दिला तर त्यांनी तो घेतला. एरवी घेत नाहीत. मोडका नट अजून मुठीतच होता. माझ्या लक्षात आलं की छत्री मघापासून मिटूनच पडली आहे आणि तासभर ते उघड्या उन्हात बसले आहेत.

"नटाला लई बोललासा समदी सकाळपास्नं," ते म्हणाले. "नटात काय न्हाय. वैजू, मी इसराय लागलोय."